मेणकापडाखालची सीट

मी सायकलची सीट बोलतेय. गुबगुबीत गादीची नव्हे, स्प्रिंगांवर डुलणारीही नव्हे. मी चामड्याची, अरुंद, शर्यतीच्या सायकलवरची. मला डोळे नाहीत. माझ्यावर बसणाऱ्याची दोन हाडं, त्याचं वजन आणि खालून येणारा रस्ता, एवढंच मला कळतं. बाकीचं कानावर पडेल तसं. पण तेवढ्यावरही माणूस बराच समजतो.

माझा जन्म फ्लांडर्समधल्या एका कारखान्यातला. महायुद्ध संपून जेमतेम वर्ष झालं होतं. गाईच्या पाठीचं जाड चामडं कारागिराने दोन दिवस पाण्यात ठेवलं, पितळी साच्यावर ताणलं, ठोकलं, वाळवलं आणि तांब्याच्या रिबिटांनी लोखंडी चौकटीवर पक्कं बसवलं. चामडं भिजल्याशिवाय आकार घेत नाही, आणि एकदा वाळलं की घेतलेला आकार सोडत नाही. एवढं लक्षात ठेवा. माझी पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

स्खेल्डे नदीकाठच्या एका गावात सायकली दुरुस्त करणाऱ्या सीरिलने मला विकत घेतलं. स्वतःसाठी नाही, भाच्यासाठी. त्याची बहीण लेओनी नवऱ्यामागे दोन मुलांना वाढवत होती. थोरला आखील जवसाच्या गिरणीत कामाला होता आणि कामावरून सुटला की सायकल घेऊन टेकड्यांकडे पळायचा. धाकटा वालेर तेव्हा शाळेत जात होता.

नवी सीट म्हणजे लाकडाची फळीच. पहिले दोन महिने मी आखीलला रडवलं. तो उभ्याने जेवायचा. सीरिल म्हणायचा, "सोस. तिला तुझी ओळख व्हायचीय." आणि खरंच, जवसाला निळी फुलं आली तोवर, पावसात भिजून आणि वाळून, माझ्यावर दोन खळगे पडले. आखील अंगाने भरलेला, सरळ बसणारा. दोन्ही खळगे सारख्या खोलीचे, जरासे मागच्या बाजूला, अंगठा बरोबर मावेल एवढे. त्यानंतर आम्हाला एकमेकांचा त्रास उरला नाही. तो चालवताना तोंडातल्या तोंडात गुणगुणायचा आणि ते हाडांतून माझ्यापर्यंत यायचं.

आमच्याकडे उन्हाळ्यात प्रत्येक गावाची जत्रा असते, आणि जत्रा म्हटली की शर्यत. चर्चला वळसा घालून चाळीस-चाळीस फेऱ्या. शर्यतवाले गावकऱ्यांच्या स्वयंपाकघरात कपडे बदलतात आणि नंतर एकाच टबातल्या पाण्याने पाच-पाच जण चिखल धुतात. घरची बाई हातात टॉवेल घेऊन उभी असते आणि हरलेल्याला सगळ्यांदेखत विचारते, वाटेत झोप लागली होती का म्हणून. आखील अशा डझनभर शर्यती जिंकला. मग त्याला एका संघाने घेतलं आणि तो व्यावसायिक झाला.

तेव्हापासून मी थक्क व्हायला शिकले. माणूस अडीचशे किलोमीटर सायकल चालवतो, दगडांच्या रस्त्यावर, वाऱ्यात, सात तास. त्याची हाडं थरथरतात, मांड्या जळतात, आणि थांबायचं सोडून तो वेग वाढवतो. का, ते मला आजवर कळलेलं नाही. आणखी एक सांगते. जिथे शर्यत ठरते तिथे मी नसतेच. शेवटची धाव आली की ते माझ्यावरून उठतात. सगळ्यात कठीण घडीला मी रिकामी असते आणि ऐकत राहते.

शनिवारी लेओनी मला सायकलवरून काढायची, मांडीवर उलटी घ्यायची आणि खालच्या खरखरीत बाजूला अंगठ्याने चरबी चोळायची. वरून चोळलं तर कपडे घसरतात. चामडं पितं ते खालून. चोळून झालं की ती मला सुलटी करून दोन्ही खळग्यांवरून एकदा अंगठा फिरवायची. मुलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा.

ऑक्टोबरात बिटाच्या गाड्या शेतातून निघतात आणि रस्ताभर चिखल सांडत जातात. संघात गेल्याच्या तिसऱ्या वर्षी अशाच चिखलाच्या एका वळणावर आखील सरावाला चालला होता. गुणगुणणं चालू होतं. चाक घसरलं. समोरून लॉरी येत होती. मला एवढंच कळलं की वजन गेलं.

त्याआधी तो हजार वेळा माझ्यावरून उठला होता आणि हजार वेळा परत बसला होता. मी वाट पाहिली.

सायकलचा चेंदामेंदा झाला होता. मला फारसं काही झालं नव्हतं. सीरिलने मला पान्याने सोडवलं, आपल्या एप्रनमध्ये गुंडाळलं आणि बहिणीच्या टेबलावर आणून ठेवलं. तिने एप्रन उघडला आणि अंगठा खळग्यात ठेवला. संध्याकाळपर्यंत तो तिथेच होता.

दफन झाल्यावर सतरा वर्षांचा वालेर आईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, सीट मला दे, मी हिच्यावर बसेन. ती म्हणाली, "बस. पण भिजू देऊ नकोस."

तिला चामडं कळत होतं. कोरडं राहिलं तर आखील माझ्यावर राहणार होता. तिने टेबलावरच्या मेणकापडातून, त्या लाल चेरींच्या नक्षीच्या कापडातून, माझ्या मापाचा तुकडा कापला, त्याला नाडी शिवली आणि पावसात तो माझ्यावर बांधायचा असं ठरलं. टेबलावरच्या कापडाला कोपऱ्यात कायमचं भगदाड राहिलं.

आता वालेरबद्दल. तो भावापेक्षा सडपातळ, कमरेने अरुंद, आणि थोडा डावीकडे कलून बसणारा. आखीलच्या खळग्यांत त्याची हाडं कधी बसलीच नाहीत. एक हाड खळग्याच्या काठावर, दुसरं अधांतरी. त्याला फोड यायचे, फुटायचे, परत यायचे. त्या काळी शर्यतवाले फोडांवर उपाय म्हणून चड्डीत कच्च्या मांसाचा पातळ काप घालून बसत. गावचा खाटीक गिऱ्हाइकांना सांगायचा, "लेओनीचा धाकटा माझं सगळ्यात महाग मांस नेतो आणि त्याच्यावर बसतो. कुत्र्यालासुद्धा एवढी अक्कल असते."

हे सगळं तो आईला कळू देत नव्हता. चड्ड्या स्वतः धुवायचा. सीरिलने त्याला चांगलं बजावलं. दुकानात नव्या सीट टांगल्या आहेत, एक घे, ही घरात भिंतीवर राहू दे. वालेर नाही म्हणायचा. भिंतीवर टांगली की आखील मेला, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. तो बोलला नाही, मीही खात्रीने सांगत नाही. पण चार वर्षांनी पहिल्या संघाने त्याला नवीकोरी सायकल दिली तेव्हा त्याने तिची सीट काढली, मला चढवलं, आणि संघाचे मेकॅनिक हसले ते खाली मान घालून ऐकून घेतलं.

आणि एवढं असूनही तो वेगवान होता. हे माझं सगळ्यात मोठं आश्चर्य. दुखणाऱ्या जागेवर बसून तो चांगल्याचांगल्यांना दमवायचा. बसवेना म्हणून तो उभा राहायचा. चढावर उभा, वळणावर उभा. लोकांना वाटायचं ही त्याची ऐट आहे. वर्तमानपत्रात त्याचं नाव 'उभा वालेर' पडलं.

पण आमच्या भागातल्या वसंतातल्या शर्यतीत, जिला सगळे नुसतं 'ती शर्यत' म्हणतात, उभं राहून भागत नाही. तिच्यात शेवटाकडे चॅपेलची टेकडी येते. दगडी गोट्यांचा रस्ता, भिंतीसारखा चढ. एप्रिल असल्यामुळे गोटे ओले असतातच. ओल्या गोट्यांवर माणूस सीटवरून उठला की मागच्या चाकावरचं वजन जातं, चाक जागच्या जागी गरगरतं आणि पाय जमिनीला लागतो. एकदा पाय लागला की त्या चढावर परत बसता येत नाही. मग सायकल ढकलत चालायचं. तिथे बसणाराच वर पोचतो.

पहिल्या वर्षी वालेर चालत गेला. दुसऱ्या वर्षीही. दोन्ही वेळा लेओनी चढाच्या मध्यावर, चॅपेलच्या पायऱ्यांशी, दरवर्षीच्या जागी उभी होती. तिच्यासमोरून तो सायकल ढकलत गेला आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या वर्षी संघाच्या मालकाने निरोप धाडला. यंदा चालत चढलास तर पुढच्या वर्षी येऊ नकोस. तुझ्या गावात विटांची भट्टी आहे असं ऐकतो. ही धमकी नव्हती. भट्टी खरंच होती आणि गावातले दोन जुने शर्यतवाले तिथे विटा वाहत होते.

शर्यतीच्या दिवशी सकाळपासून पाऊस. सुटण्याच्या जागी सीरिल माझ्यावर मेणकापड बांधत होता. नाडीची गाठ मारताना त्याचे हात थांबले.

"ऐक," तो म्हणाला. "कोरडी ठेवलीस तर ती त्याची राहील. भिजली तर तुझी होईल. दोन्ही होणार नाही."

"मामा, मी आईला शब्द दिलाय."

"मला माहीत आहे कुणाला दिलायस. मी तिथेच होतो." त्याने गाठ मारली. "मी बांधतो. सोडायची की नाही ते तू बघ."

ऐंशी किलोमीटर झाल्यावर रेल्वेचं फाटक लागलं. आमच्याकडे शर्यतीसाठी आगगाडी थांबत नाही, शर्यतच आगगाडीसाठी थांबते. दीडशे सायकली फाटकापाशी गोळा झाल्या. कुणी लघवीला गेलं, कुणी खिशातला भाताचा केक काढला. वालेरच्या शेजारी ओमेर होता. वयाने मोठा, ती शर्यत दोनदा जिंकलेला, जिभेने सुरीसारखा.

ओमेरने माझ्याकडे पाहिलं असावं. म्हणाला, "काय रे उभ्या, यंदाही टेबल घेऊन आलास? कॉफी कधी मिळणार?"

आजूबाजूचे हसले. वालेर उतरला. त्याने नाडीला हात घातला. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, म्हणून तो वाकला आणि दातांनी सोडू लागला. हसणं हळूहळू थांबलं. त्याचा श्वास मला लागत होता. मेणकापड निघालं. त्याने त्याची चार घड्यांची घडी केली आणि पाठीच्या खिशात ठेवली, जिथे इतर लोक खाण्याचं ठेवतात.

मग पाऊस थेट माझ्यावर पडला. साच्यावर ताणलं होतं त्या दिवसानंतर इतकं पाणी मी प्यायले नव्हते. आगगाडी गेली. फाटक उघडलं. तो माझ्यावर बसला.

पुढचे चार तास मी कशी सांगू? खालून गोटे ठोकत होते, वरून हाडं दाबत होती, आणि मी मऊ होत चालले होते. प्रत्येक धक्क्याला आखीलचा उजवा खळगा जरासा पसरला, उथळ झाला. डावीकडे, थोडं पुढे, नवीन जागा खचू लागली. मी अडवू शकत नव्हते. अडवावं की नाही हेही मला कळत नव्हतं. एकाला जागा करून देताना मी दुसऱ्याला पुसत होते आणि दोघंही माझेच होते. कारागिराच्या हातोडीनेसुद्धा मला एवढं बदललं नव्हतं.

दुपारनंतर कधीतरी वालेरचं थरथरणं थांबलं. दोन्ही हाडं खाली टेकली. सात वर्षांत पहिल्यांदा. त्याने एक लांब श्वास सोडला, आजारी माणसाने कूस बदलल्यावर सोडावा तसा.

चॅपेलची टेकडी आली तेव्हा पुढे पंधरा जण होते. चढ लागला आणि मला ओळखीचे आवाज ऐकू आले. चाक गरगरण्याचा, शिवीचा, बुटाचा खिळा दगडावर वाजण्याचा. एक उतरला. मग तिघं. माझ्यावरचं वजन हललं नाही. मागचं चाक एकेक गोटा धरत होतं. एवढ्या चढावर, एवढ्या मंद गतीने, माणसाचं अख्खं शरीर माझ्यावर टेकून वर ओढलं जाताना मी प्रथमच अनुभवलं. ज्या घडीला मी नेहमी रिकामी असायचे, त्या घडीला कुणीतरी माझ्यावर होतं.

मध्यावर त्याच्या मांड्या घट्ट झाल्या. मला खूण पटली. आता तो उठणार. सात वर्षांची सवय. पायऱ्या तिथेच होत्या.

लेओनी तिथे होती. तिने काय पाहिलं असेल? मेणकापड नसलेली, काळी पडलेली, पाण्याने निथळणारी सीट. गर्दीच्या आरड्याओरड्यात तिचा आवाज मला ओळखू आला, कारण तो ओरडणारा नव्हता, तो स्वयंपाकघरातला होता.

"बसून राहा," ती म्हणाली. "वालेर, बसून राहा."

तो बसून राहिला.

माथ्यावर दोघंच पोचले, तो आणि ओमेर. शेवटच्या धावेला दोघंही उठले आणि मी नेहमीसारखी रिकामी राहिले. निकाल मला वालेरच्या हातावरून कळला. त्याने मागे हात आणून मला दोनदा थोपटलं, जिंकणारे असं करत नाहीत. ओमेर एका चाकाने पुढे गेला होता. फुलांचा गुच्छ काखेत धरून तो जवळ आला आणि म्हणाला, "उभा असलास की मी घाबरत नाही. आज बसला होतास." एवढंच बोलून गेला. पुढच्या वर्षापासून 'उभा वालेर' कुणी म्हटलं नाही, आणि विटांच्या भट्टीचं नावही पुन्हा कुणी काढलं नाही.

घरी वालेरने घडी केलेलं मेणकापड टेबलावर ठेवलं. लेओनीने मला सोडवून घेतलं. चुलीपासून लांब ठेवलं, कारण ओलं चामडं आचेने तडकतं. जुन्या टॉवेलने टिपलं. मग अंगठा ठेवला, आखीलच्या जागी.

तिथे सपाट होतं.

अंगठा तिथेच राहिला. वालेर दाराशी उभा होता, चिखलासकट. आई काय म्हणेल याला तो टेकडीपेक्षा जास्त घाबरला असावा. मग अंगठा हळूहळू सरकला, डावीकडे, थोडा पुढे, आणि नव्या खळग्यात उतरला.

"तू डावीकडे कलतोस," ती म्हणाली. "जेवायला खुर्चीवर बसायचास तेव्हाही कलायचास." थोड्या वेळाने म्हणाली, "हे मला आधी दिसायला हवं होतं. जा, अंघोळ कर, पाणी निवतंय."

त्यानंतर वालेर आठ वर्षं माझ्यावर बसला. तीन संघ बदलले, पाच सायकली बदलल्या, मी तीच. ती शर्यत तो पुढे एकदा जिंकलाही, पण त्या दिवशी कोरडं ऊन होतं आणि त्याबद्दल माझ्यापाशी सांगण्यासारखं काही नाही. शर्यती सोडल्यावर त्याने मामाचं दुकान चालवलं, लग्न केलं, मुलगी झाली. तिचं नाव लीव. मला त्याने स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं. तोवर भिंतीचं भय राहिलं नव्हतं.

लेओनी जिवंत होती तोवर शनिवारी मला खाली काढायची. मांडीवर उलटी, चरबी, मग सुलटी. छोटी लीव शेजारी बसून बघायची.

लेओनी जाऊन पन्नासावर वर्षं झाली. वालेर गेल्या हिवाळ्यात गेला, एक्याण्णव वर्षांचा होऊन. परवा जुन्या सायकलींचा एक जाणकार घरी आला होता. त्याने मला हातात घेतलं, रिबिटा पाहिल्या, खूश झाला. लीवला म्हणाला, चामडं एका बाजूने खचलंय, पण काळजी करू नका. दोन दिवस पाण्यात ठेवून ताणली तर नव्यासारखी सपाट होईल, काचेच्या कपाटात शोभेल. लीवने विचार करते म्हणून सांगितलं आणि त्याला कॉफी दिली.

म्हणून तर मी आज बोलतेय. वाचणाऱ्यांनो, तुमच्याही घरात कुणाच्या तरी बसण्याने, धरण्याने झिजलेली एखादी वस्तू असेल. तिला सरळ करू नका. माझ्यापुरतं म्हणाल तर मला पाण्यात घालू नका. चामड्यात एका वेळी एकच माणूस मावतो. आखीलचा आकार आता माझ्यात नाही, कितीही शोधला तरी. तो मी एप्रिलच्या एका दुपारी देऊन टाकला.

पण काल शनिवार होता. लीवने मला खिळ्यावरून काढलं, मांडीवर उलटी घेऊन चरबी चोळली, आणि मग सुलटी केली. तिने आखीलला कधी पाहिलेलं नाही. तो कुठे बसायचा हे तिला कुणी सांगितलेलं नाही. आजी जसं करायची तसं ती करते, एवढंच. तिचा अंगठा आधी उजवीकडे, जरा मागे, सपाट जागेवर टेकला. तिथे क्षणभर थांबला. मग डावीकडे सरकला आणि बापाच्या खळग्यात उतरला.